खाली वेल्डिंग, वर कॉम्प्युटर

कुठलीही गोष्ट पहिल्यांदा करताना मी घाबरत नाही. घाबरायचं ते दुसऱ्या वेळी, कारण तोवर काय काय बिघडू शकतं हे कळलेलं असतं. त्यामुळे घरचा कॉम्प्युटर कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं पळवायचा, म्हणजे ज्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात ते करायचं, असं मी एका सोमवारी सकाळी चहा पिता पिता ठरवलं तेव्हा मला कसलीही धास्ती वाटली नाही. धास्ती वाटायला हवी होती असं आता म्हणता येईल, पण मी म्हणणार नाही.

आमचं घर कोल्हापुरात, उद्यमनगरात. खाली आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकान, वर आम्ही तिघं: आई, आबा आणि मी. दुकान म्हणजे विकायचं दुकान नव्हे. एक लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि वेल्डिंगचा एक जुना, कपाटाएवढा ट्रान्सफॉर्मर. उसाच्या ट्रॉल्यांचे मोडलेले हूक, पंपांच्या शाफ्ट, गेटं, जे येईल ते आबा करतात. पूर्वी हाताखाली चार माणसं होती, आता एकटेच असतात. घराची वीज दुकानातूनच वर ओढलेली आहे, तीही आबांनीच. लहानपणी मी वर अभ्यासाला बसायचे तेव्हा डोक्यावरचा दिवा सारखा मिचमिचायचा. खाली आबांनी वेल्डिंगची कांडी टेकवली की दिवा मंद, उचलली की परत लख्ख. दिवा मिचमिचतोय म्हणजे आबा कामात आहेत, एवढा त्याचा अर्थ. घड्याळाच्या टिकटिकीकडे जसं कुणी लक्ष देत नाही तसं आम्ही कधी तिकडे लक्ष दिलं नाही.

मी शिकले धातूचं. शिरोलीच्या एका फौंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतायच्या कारखान्यात, नऊ वर्षं नोकरी केली. कास्टिंग ओतायच्या आधी ते कॉम्प्युटरवर ओतून बघायचं हे माझं काम. साच्यात रस कुठून कसा जाईल, कुठं आधी थंड होईल, कुठं आकसून आत पोकळी राहील, हे सगळं आकडेमोड करून पडद्यावर दिसतं. मग एक दिवस माझा अहवाल मला न विचारता बदलून साहेबांनी पुढे पाठवला. मी त्यांच्या टेबलावर राजीनामा ठेवला आणि घरी येऊन सांगितलं, की मी हेच काम आता घरून करणार. आईनं कपाळाला हात लावला. मी खोलीत कॉम्प्युटर बसवत होते तेव्हा आबांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "ह्या टीव्हीवर काम व्हतंय?"

तेव्हापासून तो आबांच्या तोंडी टीव्हीच. "टीव्ही बंद कर आन् जेवाय चल." आठ महिने मी हे ऐकत होते. आठ महिन्यांत छोटीमोठी कामं मिळाली, पण ती जुन्या ओळखीच्या लोकांनी दिलेली, उपकार केल्यासारखी. आबांच्या लेखी मी घरी बसले होते. कुणी विचारलं की ते सांगायचे, "हाय घरीच, बघतीया कायतरी." मला ते झोंबायचं. फार झोंबायचं.

आणि मग त्या शनिवारी आबांनीच एक काम आणलं.

चहाच्या गाड्यावर त्यांना एक फौंड्रीवाले भेटले, जुने ओळखीचे. त्यांच्या पंपाच्या बॉडीत एका ठरावीक कोपऱ्याला भोक पडत होतं. वरून कास्टिंग देखणं, पण लेथवर सोललं की आत पोकळी. रस थंड होताना आकसतो, तेव्हा त्याला वरून पुरवठा करायला साच्यात जादा रसाचा एक कुंडा ठेवतात, त्याला रायझर म्हणतात. त्यांनी रायझर मोठा करून बघितला, सरकवून बघितला, भोक जाईना. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझी पोरगी ओतायच्या आधीच सांगती भोक कुठं पडणार ते. शुक्करवारी ओता."

मला न विचारता. दिवसासकट. घरी येऊन त्यांनी कागदात गुंडाळलेलं ड्रॉइंग माझ्यापुढे ठेवलं आणि काय बोलून आलेत ते सांगितलं, तेव्हा मी आधी चिडले आणि मग ड्रॉइंग उघडलं. चाळीस वर्षांत आबांनी उद्यमनगरात दिलेला शब्द कधी खाली पडलेला नव्हता. त्या फौंड्रीवाल्यांनी त्या भरवशावर आठवडाभर ओतकाम थांबवलं होतं. ज्या टीव्हीवर काम होतं की नाही याची आबांना खात्री नव्हती, त्याच्यावर त्यांनी आपला शब्द ठेवला होता.

रविवारी पहाटे पाचला मी गणित लावलं. चालू साचा जसा आहे तसा कॉम्प्युटरवर ओतला. सतरा तास लागले. रविवारी आमच्याकडे सगळी दुकानं चालू असतात, खाली आबांचं वेल्डिंगही दिवसभर चाललं. रात्री दहाला उत्तर आलं आणि त्यांना जिथं भोक पडत होतं बरोब्बर तिथंच पडद्यावर लाल ठिपका उमटला. मी खूश. आबा मात्र खुर्चीत बसून डुलक्या काढत होते आणि वैतागले होते. कारण त्यांचा एक नियम आहे: माणूस झोपलं की मशीन बंद. फार वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानात चालू राहिलेल्या एका मोटरीनं पेट घेतला आणि अर्धं छप्पर गेलं, तेव्हापासूनचा हा नियम. ते साडेनऊला झोपतात. त्यानंतर घरात फ्रिज सोडून काही घरघरलेलं त्यांना चालत नाही.

"येवढा येळ परत न्हाय हां," ते म्हणाले.

आता त्या ठिपक्यावरून मी बदललेल्या साच्याचं दुसरं गणित करायचं होतं आणि तेच खरं महत्त्वाचं. त्यात ठिपका आला नाही तरच शुक्रवारी ओतता येणार. पुन्हा सतरा तास. मधेच बंद पडलं की पहिल्यापासून, कारण माझ्याकडचं सॉफ्टवेअर जुनं, अर्धवट हिशेब जपून ठेवायची त्याला अक्कल नाही. आबांचा नियम मोडायचा नव्हता. म्हणजे सतराचे तेरा करायला हवेत. सकाळी सहाला लावलं की संध्याकाळी सातला उत्तर.

माझा कॉम्प्युटर सेकंडहँड, पण त्याचा प्रोसेसर वेग वाढवता येईल अशा जातीचा. विकणाऱ्यानं तेव्हा मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं आणि मी दुर्लक्ष केलं होतं. सोमवारी सकाळी मी दोन तास वाचलं, तीन व्हिडिओ बघितले आणि कॉम्प्युटर सुरू होतानाच्या त्या निळ्या सेटिंगमध्ये शिरले. कंपनीचा वेग तीन पॉइंट चार गिगाहर्ट्झ. मी एकेक पायरी चढवत चार पॉइंट चारवर नेला. वेग वाढवला की प्रोसेसरला वीजही जरा जास्त द्यावी लागते, ती दिली. मोठा कूलर मी आधीच बसवलेला होता. आबा दारात उभे राहून बघत होते. काय करायलीस म्हणाले, मी सांगितलं.

"म्हंजे पुली बदललीस," ते म्हणाले.

"तसंच समजा."

"पुली बदलली की बाकीचं सगळं बघाय लागतंय. बेल्ट, बेअरिंग, लाइन. लाइन बघितलीस?"

"यूपीएस हाय की आबा. लाइनीचा काय संबंध?"

आबा बरं म्हणाले आणि गेले. त्या सोमवारी दिवसभर मी कॉम्प्युटरची परीक्षा घेतली. प्रोसेसर तापवायचंच काम करणारा एक प्रोग्रॅम असतो, तो सकाळी दहा ते संध्याकाळी सहा सलग चालवला. तापमान अठ्ठ्याहत्तरच्या वर गेलं नाही. एकदाही अडखळला नाही. मी आईला म्हटलं, बघ, कंपनीनं जे बंद करून ठेवलं होतं ते मी उघडलं. आई म्हणाली, "मग आता तरी कणिक भिजव."

मंगळवारी सकाळी सहाला दुसरं गणित लावलं. दहा वाजून वीस मिनिटांनी पडदा काळा झाला, पंखे थांबले आणि कॉम्प्युटर आपोआप पहिल्यापासून सुरू झाला. कसली सूचना नाही, बिघाडाचा निळा पडदा नाही, काही नाही. सव्वाचार तास पाण्यात.

मी शांत होते. पहिल्यांदा असं होतंच, सगळे सांगतात. वेगाला वीज कमी पडते आहे असं धरून मी प्रोसेसरची वीज एक घर वाढवली आणि परत लावलं. पावणेबाराला बंद. मग संशय गरमीवर. आईनं कॅबिनेटवर क्रोशाचं एक कव्हर घातलं होतं, धूळ बसू नये म्हणून, आणि त्याच्या झालरीनं मागची जाळी अर्धी झाकली होती. मी ते कव्हर असं ओढलं की आई दोन तास माझ्याशी बोलली नाही. तापमान पाच अंशांनी उतरलं. तीन वाजून पाच मिनिटांनी बंद. वेग चार पॉइंट दोनवर आणला. चार चाळीसला बंद.

संध्याकाळी मी कॅबिनेट उघडून बसले. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरनं घासले, एकेक पट्टी लावून तपासली, दोन्ही ठणठणीत. कूलर काढून खालची पेस्ट पुसून नवी लावली. सगळ्या वायरी काढून घट्ट बसवल्या. एवढं सगळं मला येतं याचा त्याही अवस्थेत मला अभिमान वाटत होता. पण एक गोष्ट मला खटकायला हवी होती आणि खटकली नाही. वेग झेपत नसेल तर कॉम्प्युटर चुका करतो, अडकतो, निळा पडदा दाखवतो. माझा असलं काही करत नव्हता. कुणीतरी बटण दाबल्यासारखा तो नुसता विझत होता.

जेवताना आबांनी विचारलं, "काय म्हनतोय टीव्ही?"

"बंद पडायलाय सारखा."

"कधी?"

"कधी म्हणजे? चार वेळा."

"किती वेळा इचारलं न्हाय. कधी कधी?"

मला आठवेनात. आबांनी ताटातली भाकरी खाली ठेवली. त्यांच्या दुकानाच्या लोखंडी दारावर आतल्या बाजूनं खडूनं लिहिलेल्या वेळा असतात. लेथ किती वाजता अडली, मोटर किती वाजता तापली. दुरुस्ती झाली की ते पुसून टाकतात. "काय बिघडलंय ते मागनं," ते म्हणाले, "आदी कधी बिघडलं ते लिव्हायचं. तू शिकलेली, तुला येवढं म्हाईत न्हाय?"

मला राग आला. खरं सांगायचं तर तो माझाच मला आला होता, पण मी तो त्यांच्यावर काढला. म्हटलं, "आबा, ही लेथ न्हाय." त्यांनी भाकरी परत उचलली. जेवून झाल्यावर मी खाली गेले आणि कॉम्प्युटरनं लिहून ठेवलेल्या नोंदींवरून चारही वेळा त्या दारावर खडूनं लिहिल्या, जरा मोठ्या अक्षरात, रागातच.

बुधवारी सकाळी पुन्हा सहाला लावलं, वेग परत चार पॉइंट चारवर नेऊन, कारण कमी करून काही फरक पडत नव्हता आणि माघार घेणं माझ्या रक्तात नाही. नऊ पन्नासला बंद. बारा दहाला बंद. दोन वेळा मी खाली जाऊन दारावर लिहिलं. आबा तेव्हा मलकापूरकडच्या एका पाव्हण्याच्या ट्रॉलीच्या पट्ट्या कापत होते. कारखान्याचा हंगाम तोंडावर आलेला, ट्रॉली गुरुवारी न्यायला येतो म्हणून पाव्हणं सांगून गेलेलं. आबांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि पुढची पट्टी उचलली.

एक ते दोन आबांची जेवणाची सुट्टी. वर आले, जेवले, पाठ टेकली. मी कॉम्प्युटरपुढे बसून होते. त्या तासात काही झालं नाही. पावणेतीनला परत विझला. मी उठले, पायऱ्या उतरले, खडू घेतला आणि सातवी वेळ लिहिली. लिहून दोन पावलं मागं सरले आणि पहिल्यांदाच त्या सात वेळा नीट वाचल्या.

सकाळी सहा ते नऊ काही नाही. एक ते दोन काही नाही. दोन्ही दिवस. सोमवारी तर अख्खा दिवस काही नाही.

आबा नऊला शटर उघडतात. एक ते दोन जेवतात. आणि सोमवारी उद्यमनगर बंद असतं. आमची सुट्टी रविवारी नसते, सोमवारी असते. जन्मापासून मी या गल्लीत राहते, आणि गल्लीतलं एकही मशीन चालू नसतं असा आठवड्यातला एकच दिवस निवडून मी कॉम्प्युटरची परीक्षा घेतली होती.

माझ्या पाठीमागे आबांनी काळ्या काचेचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ट्रॉलीच्या पट्टीवर कांडी टेकवली. दुकानातला बल्ब मंद झाला. मी बल्बकडे बघत राहिले. कितीतरी वर्षं बघितलेला तो बल्ब मी त्या दिवशी बघितला.

वर धावत गेले आणि टेबलाखाली यूपीएसला कान लावून बसले. लाइन पडली की क्षणभर बॅटरीवर जायचं आणि लाइन आली की परत यायचं, हे त्याचं काम. खाली कांडी टेकली की आत टक्, उचलली की टक्. म्हणजे आबांच्या प्रत्येक टाक्याला तो बॅटरीवर जात होता. मी त्याचं झाकण उघडलं. आतली बॅटरी पोटुशी बाईसारखी फुगलेली. कंपनीच्या वेगाला लागते तेवढी वीज ती कशीबशी क्षणभर पुरवत होती, म्हणून रविवार निभावला. मी वेग वाढवल्यावर कॉम्प्युटर जास्त ओढायला लागला आणि तिचा जीव पुरेना. आणि याची सूचना द्यायला यूपीएसला शिट्टी असते. ती वाजत का नव्हती? कारण दोन वर्षांपूर्वी दर थोड्या वेळानं टीं टीं करते म्हणून मीच तिची वायर कापून टाकली होती. कापताना फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

इतकं साधं. आणि ते आबांनी सोमवारीच विचारलं होतं, दारात उभं राहून, दोन शब्दांत.

संध्याकाळी आबा हातपाय धुऊन वर आले. मी त्यांना चहा दिला आणि समोर बसले. सांगायला जड जात होतं. चूक कबूल करायची म्हणून नव्हे, ती मी करून टाकली असती. पण त्यांना सांगायचं होतं ते असं, की तुम्ही जन्मभर जे करत आलात त्यानं माझं काम मोडतंय. आणि चाळीस वर्षांत त्या वेल्डिंगनंच माझी फी भरली होती.

"आबा, लाइनच हाय. तुम्ही म्हणला हुता ते. खाली वेल्डिंग लागलं की वर बंद पडतंय."

आबांनी बशी खाली ठेवली. "माझ्यामुळं?"

"माझ्यामुळं. बॅटरी मेलीया आन् शिट्टी मीच तोडली हुती. तुम्ही विचारलं तर तुमाला उलटं बोलले."

मी बोलतच राहिले. म्हटलं, नवी बॅटरी उद्या अकराला दुकान उघडल्यावर मिळेल, पण अकराला सुरू केलं तर मध्यरात्र होते. कंपनीच्या वेगानं सकाळी लावलं तरी सतरा तास, रात्रीचे अकरा. शुक्रवारी सकाळी आठला त्यांना पॅटर्नमध्ये, म्हणजे साचा उठवायच्या नमुन्यात, बदल करायचे आहेत, दुपारी ओतायचं आहे. तुम्ही त्यांना फोन करून शनिवार सांगा. एका दिवसानं काय होतंय.

"शुक्करवार म्हनलाय तर शुक्करवार," आबा म्हणाले आणि खाली गेले.

गुरुवारी सकाळी सहाला मी वाढवलेल्याच वेगानं गणित लावलं. आठ वाजले. साडेआठ. रोज या वेळेला आबा कामाचा निळा शर्ट घालून खाली जातात. त्या दिवशी ते आतून बाहेर आले ते पांढरा, इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाकार्याला घालतात तो. हातात दुकानातलं स्टूल. ते त्यांनी माझ्या टेबलाशेजारी ठेवलं, त्यावर बसले आणि खिशातून वेल्डिंगच्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज काढून कीबोर्डजवळ ठेवला.

"सवईनं कांडी टेकवली असती," ते म्हणाले. "त्यापेक्षा हे बरं."

मी पडद्याकडे बघत बसले.

आता उद्यमनगरात सोमवार सोडून शटर बंद दिसलं तर त्याचा एकच अर्थ होतो. सव्वानऊला समोरच्या लेथवाल्यांनी खालून हाक मारली. साडेनऊला ते वर आले, डोक्यावर टोपी घालून, चेहरा पाडून, आणि दारातच आईला हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, कोण गेलं?" आईनं आबांकडे बोट दाखवलं. पांढऱ्या शर्टात स्टूलावर बसलेले आबा बघून त्यांचा जीव भांड्यात पडला आणि मग राग आला. "अवो मिस्त्री, गल्लीत सगळी दुकानं बंद करायच्या बेतात हायती! आम्हाला वाटलं कोण कुठलं..."

"कोण न्हाय गेलं. जावा, दुकानं चालू करा," आबा म्हणाले. "जरा काम हाय माझं."

दुपारपर्यंत अशी पाच माणसं येऊन गेली. आईनं चहाचं आधण उतरवलंच नाही. अकराला ट्रॉलीचं पाव्हणं आलं. आबांनी त्याला वर बोलावलं आणि सरळ सांगितलं, "पावणं, आज न्हाय जमत. उद्या दुपारी न्या. मी एका टायमाला एकच काम करतोय." पाव्हणं आधी कुरकुरलं, मग बसलं, मग पडद्यावर लाल-पिवळा रस साच्यात चढताना बघून तासभर तिथंच रमलं. "ह्ये ओतायल्यात कुठं?" त्यानं विचारलं. आबांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. रायझर काय, पोकळी का पडते, रस आधी कुठं थिजतो. मी जे जे त्यांना आठ महिने जेवताना सांगितलं होतं आणि त्यांनी ऐकलंच नाही असं मला वाटलं होतं, ते सगळं, एकही शब्द न चुकता.

मला रडू आलं, ते मी कूलरचा आवाज ऐकायला वाकल्याचं दाखवून लपवलं.

यूपीएस दिवसभरात एकदाही टक् झाला नाही. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हिशेब संपला. मी कास्टिंग पडद्यावर उभं कापलं, आडवं कापलं, त्या कोपऱ्यातून तीनदा कापलं. लाल ठिपका नव्हता. तो सरकून वर रायझरमध्ये गेला होता, जो नंतर कापून टाकायचाच असतो. आबांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लावून बघितलं आणि फौंड्रीवाल्यांना फोन लावून एवढंच म्हणाले, "ओता."

शुक्रवारी त्यांनी ओतलं. मी त्या दिवशी नवी बॅटरी आणून बसवली, शिट्टीची वायर जोडली आणि वायरमनकडून मीटरपासून वरच्या मजल्याला वेगळी लाइन ओढून घेतली. खाली आबा ट्रॉलीला हूक लावत होते आणि वरचा दिवा पहिल्यांदाच मिचमिचत नव्हता. मला चुकल्यासारखं वाटलं. दोनदा खाली वाकून बघितलं, आबा कामात आहेत ना म्हणून.

शनिवारी दुपारी फौंड्रीवाले स्वतः आले. गोणपाटात गुंडाळलेलं अर्धं कास्टिंग त्यांनी आबांच्या बाकावर ठेवलं. त्या कोपऱ्यातूनच मधोमध कापलेलं. चकचकीत, भरीव. आबांनी त्यावरून अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा, आणि खाली वाकून त्या दोन दिवसांच्या सात वेळा दारावरून ओल्या फडक्यानं पुसून टाकल्या.

"आणखी तीन साचे हायत माझे," फौंड्रीवाले मला म्हणाले, "तेवढे बघून द्या." मी द्यायचा दिवस सांगितला. यावेळी मीच सांगितला. निघताना त्यांना काहीतरी आठवलं आणि ते पायरीवर थांबले.

"मिस्त्री, गुरुवारी दुकान बंद हुतं म्हणं तुमचं? आमच्यापतुर बातमी आलती. काय झालतं?"

आबांनी फडकं पिळलं, दाराच्या कडीला अडकवलं.

"बंद कुठलं?" ते म्हणाले. "वरच्या मजल्यावर चालू हुतं की."